फोटोत न दिसलेले डाग

फोटो काढून झाला, दहा मिनिटं थांबा म्हणाला म्हणून थांबले, आणि छोट्या पाकिटातल्या आठ कॉप्या हातात आल्या तेव्हा त्यातली बाई मीच आहे हे पटायला जरा वेळ लागला. केस माझे, कानातलं माझं, डाव्या भुवईतली लहानपणीची खोक पण माझीच. गाल मात्र दुसऱ्याच कोणाचे तरी. एकदम सपाट, एकाच रंगाचे. "डाग क्लीन करून दिलेत मॅडम," तो पोरगा म्हणाला, आणि खरं सांगते, त्याने ते इतक्या चांगल्या मनाने केलं होतं की मला काही बोलताच आलं नाही. पैसे दिले, थँक्यू म्हणाले, बाहेर आले. रस्त्यात दोनदा पाकीट उघडून बघितलं.

तेव्हा माझा धाकटा चार महिन्यांचा होता. डाग आले ते त्याच्या वेळच्या सहाव्या महिन्यात. आधी वरच्या ओठावर मिशीसारखी सावली, मग दोन्ही गालांच्या हाडांवर, मग भुवयांच्या वर कपाळावर एक पट्टा. दुखत नाहीत, खाजत नाहीत, हाताला लागतसुद्धा नाहीत. डोळे मिटून चेहऱ्यावरून हात फिरवला तर काहीच झालेलं नाही असं वाटतं. मला हेच सगळ्यात विचित्र वाटायचं, की मला स्वतःला जे जाणवतच नाही ते समोरचा माणूस माझ्याशी बोलायला लागायच्या आधी बघून घेतो, आणि मग त्याची नजर परत माझ्या डोळ्यांवर येते, आणि मधला तो अर्धा सेकंद आम्हा दोघांनाही कळलेला असतो.

वांग. शब्द माहीत होता, पण वय झालेल्या बायकांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी, एवढीच कल्पना होती. मी चौतिशीची. नंतर वाचलं तेव्हा कळलं की संस्कृतातला व्यंग तो हाच, आणि सुश्रुतसंहितेत तो क्षुद्ररोगांमध्ये येतो, म्हणजे किरकोळ आजारांच्या यादीत. वर्णन अगदी नेमकं आहे, चेहऱ्यावरचा, न दुखणारा, पातळ, काळपट डाग. कारण म्हणून राग आणि अतिश्रम दिलेत. डॉक्टर लोक त्याला मेलाझ्मा म्हणतात, ग्रीकमधला काळ्या रंगाचा शब्द त्यात आहे. क्लोआझ्मा हे त्याचंच जुनं नाव, ते हिरवटपणावरून आलं. आणि गरोदरपणात येतो म्हणून बोलीभाषेत प्रेग्नन्सी मास्क. हा मुखवटा शब्द मला कधीच आवडला नाही, मुखवटा काढून ठेवता येतो.

किरकोळ आहे हे खरंच आहे म्हणा. याने जीव जात नाही, याचा कॅन्सर होत नाही, हा कोणाला लागत नाही. पण किरकोळ म्हणून सोडून द्यावं तर चेहरा ही अशी जागा आहे की तिथलं किरकोळ काहीच किरकोळ राहत नाही. मोठ्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही झोपत नाही का हो नीट?" ऑफिसात एकीने विचारलं भाजलं का. शेजारच्या काकूंनी तर परस्पर निदान करून टाकलं, लिव्हरचं काहीतरी असणार. प्रत्येकीचं म्हणणं काळजीतूनच होतं हे मला कळत होतं आणि तरी प्रत्येक वेळी मी घरी येऊन एक थर जास्त फाउंडेशन लावत होते. धाकट्याच्या बारशाचे फोटो मी अजून नीट पाहिलेले नाहीत.

अशा वेळी माणूस घाई करतो. मी केली.

एका मैत्रिणीने अर्धी संपलेली ट्यूब दिली, तिच्या बहिणीला फरक पडला होता. रात्री लावायची, पातळ थर. आणि काय सांगू, दहा दिवसांत चेहरा उजळला. दोन आठवड्यांत गाल इतके नितळ झाले की मला तो फोटोवाला पोरगाच आठवला, त्याने कॉम्प्युटरवर केलं ते या ट्यूबने खऱ्या चेहऱ्यावर केलं असं वाटलं. मी दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी. कोणी काही विचारलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. चौथ्या महिन्यात एकदा गावाला जाताना ट्यूब घरीच राहिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चेहरा पेटला. लाल, नुसतं पाणी मारलं तरी आग, हनुवटीवर बारीक बारीक पुळ्या, आणि उन्हात जरा उभं राहिलं तर गालाच्या आत कोणी तवा ठेवलाय असं. परत येऊन ट्यूब लावली, दोन दिवसांत शांत. बंद केली, परत लाल. तेव्हा कळलं की आपण कुठे येऊन अडकलोय.

ट्यूबवरची बारीक अक्षरं मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. तीन औषधं होती, त्यातलं एक स्टिरॉइड. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसून टाकतं, सूज दाबतं, रंग बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ आणि शांत दिसतो. पण चेहऱ्याची त्वचा मुळात पातळ, औषध तिथे जास्त झिरपतं, आणि महिनोन् महिने लावलं की ती आणखी पातळ होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसायला लागतात, मुरमं येतात, लव वाढते, आणि त्वचेला त्या औषधाशिवाय राहताच येत नाही. हेच स्टिरॉइड एक्झिमाला, ॲलर्जीला, डॉक्टरच्या नजरेखाली ठरावीक दिवस वापरलं तर फार उपयोगी औषध आहे, त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग त्या पद्धतीवर आहे ज्यात ते गोरं होण्याचं क्रीम म्हणून हातोहात फिरतं.

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण ती वाचली तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. लेबल नसलेल्या, कुठून आल्या माहीत नाही अशा उजळ करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो. पारा रंग तयार होणं खरंच थांबवतो, म्हणून 'गुण' येतो, आणि त्वचेतून आत जाऊन किडनीवर घाव घालतो. २०१३ च्या मिनामाता करारात पारा घातलेल्या अशा सौंदर्यप्रसाधनांवर बंदीची तरतूद आहे, तरी ती विकली जातातच. लेबल असेल आणि त्यावर कॅलोमेल (पाऱ्याचाच क्षार) किंवा मर्क्युरी, म्हणजे पारा, हा शब्द कुठल्याही रूपात दिसला तर ती डबी घरात ठेवू नका. पारा लावणाऱ्या बाईच्या घरातल्या, ते क्रीम कधीच न लावलेल्या माणसांच्या शरीरातही तो सापडलाय, टॉवेलमधून, उशीतून, जवळ घेण्यातून. माझ्या ट्यूबमध्ये पारा नव्हता. पण त्या चार महिन्यांत रोज रात्री ते लावलेला गाल मी बाळाच्या गालाला लावून झोपत होते, आणि आत काय आहे हे मी वाचलेलं नव्हतं.

डॉक्टरकडे गेले तेव्हा पहिली वीस मिनिटं त्यांनी चेहऱ्याला हात लावला नाही, नुसते प्रश्न. गरोदरपणात आले का, गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का, थायरॉइड आहे का, मिरगीचं किंवा दुसरं कुठलं औषध रोज असतं का, काम उन्हात की आत, आगीजवळ किती वेळ, काय काय लावलं. ट्यूब काढून दिली तेव्हा रागावतील वाटलं होतं, पण त्या फक्त म्हणाल्या, "किती महिने?" आणि लिहून घेतलं. मग विचारलं, "घरात कोणाला आहे का? आईला, मावशीला, बहिणीला?"

मी म्हणाले, नाही. अगदी ठामपणे. आईचे सगळे फोटो डोळ्यांसमोर आणून म्हणाले, लग्नातले, मला मांडीवर घेतलेले, नितळ चेहरा.

"विचारून बघा एकदा आईंना," त्या म्हणाल्या.

मग खोलीतले दिवे बंद करून एक जांभळट दिवा चेहऱ्याजवळ धरला. वुड्स लॅम्प. रॉबर्ट विल्यम्स वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये अतिनील किरणं तेवढी बाहेर सोडणारी काच बनवली त्यातून हा दिवा आला. रंग त्वचेच्या वरच्या थरात असेल तर या दिव्यात डाग आणखी गडद उठून दिसतो, खोल असेल तर फारसा फरक पडत नाही. बऱ्याच जणांचं मिश्र असतं, माझंही मिश्र निघालं. खोलवरचा रंग करडा-निळसर दिसतो आणि तो जायला फार वेळ लागतो, कधी पूर्ण जातही नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. मला ते आवडलं. तोपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने मला दिवस मोजून सांगितले होते, सात दिवस, पंधरा दिवस.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो, हेही तिथेच कळलं आणि हे महत्त्वाचं आहे म्हणून सांगते. मुरमं फोडल्यावर किंवा पुरळ गेल्यावर मागे राहतो तो डाग वेगळा, तो जखमेच्या जागी येतो आणि बहुतेक वेळा हळूहळू जातो. कानशिलं आणि मान मखमलीसारखी जाड-काळी होत असेल तर ते वजनाशी आणि इन्सुलिनशी जोडलेलं असतं, तिथे क्रीम लावून काय होणार, आधी साखर तपासायला हवी. हेअर डाय किंवा सुगंधी तेलाच्या ॲलर्जीने कपाळ आणि कडा राखाडी होतात. एकाच बाजूला, डोळ्याभोवती निळसर डाग आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातही तोच रंग असेल तर ते जन्मखुणेसारखं वेगळंच काही असतं. चेहऱ्याबरोबर हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडत असतील, थकवा असेल, वजन उतरत असेल तर त्याचं मूळ शरीरात आत असू शकतं. आणि एखादा डाग वेडावाकडा वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय, तर तो त्याच आठवड्यात दाखवायचा. वांग साधारण दोन्ही बाजूंना जोडीने येतो, गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ, हनुवटी, कधी जबड्याची कड. आणि तो फक्त बायकांना होतो असंही नाही, माझ्या शेजारी वेटिंगमध्ये बसलेले गृहस्थ गाडी चालवण्याच्या कामाचे होते आणि खिडकीकडचा गाल त्यांचा जास्त गडद होता.

रंग येतो कसा हे मात्र मी घरी येऊन स्वतः वाचलं, आणि वाचता वाचता माझा त्या डागांवरचा राग निम्मा उतरला.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. गर्भात त्यांचा जन्म त्वचेत होतच नाही. मज्जासंस्था जिथून बनते त्या भागातून निघून त्या प्रवास करत त्वचेपर्यंत येतात. म्हणजे आपल्या रंगाच्या पेशी नसांच्या नात्यातल्या आहेत. प्रत्येकीला फांद्यांसारखे हात असतात आणि एकेक पेशी आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना रंग पुरवते, बारीक बारीक पुड्या बांधून. आणि ज्या पेशीला पुडी मिळते ती काय करते, तर तो रंग आपल्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, टोपीसारखा रचून ठेवते, आतल्या डीएनएला ऊन लागू नये म्हणून. प्रत्येक पेशीची स्वतःची छत्री! गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते, फरक असतो तो पुड्यांच्या आकाराचा, त्या किती बनतात आणि किती काळ टिकतात याचा. हे वाचून मला उगीच बरं वाटलं.

वांगात या पेशी फार वाढलेल्या नसतात, त्या मोठ्या झालेल्या असतात आणि प्रमाणाबाहेर काम करत असतात. त्यांना कामाला लावणारे तीन-चार जण. एक ऊन. दुसरे हॉर्मोन, म्हणजे इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन, म्हणून गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर येतो. तिसरा वारसा. आणि उष्णता. त्याशिवाय डागाखालच्या त्वचेत रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, उन्हाने तंतू जीर्ण झालेले असतात, वरच्या आणि खालच्या थरामधला पडदा जागोजागी विरलेला असतो आणि तिथून रंग खाली गळतो. खाली गळलेला रंग साफसफाई करणाऱ्या पेशी गिळतात आणि तशाच बसून राहतात, वर्षानुवर्षं. हा खोल डाग. वरून कितीही घासलं तरी तिथपर्यंत हात पोहोचत नाही, आणि घासलं तर त्वचा चिडून आणखी रंग बनवते. लिंबू लावणाऱ्यांना तर हात जोडून सांगेन, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा अक्षरशः भाजते आणि त्याचे डाग वांगाहून काळे पडतात.

म्हणजे डाग ही त्वचेची चूक आहे की काळजी, मला ठरवता येईना. तिने छत्र्या उघडल्या होत्या, गरजेपेक्षा जास्त, आणि मिटायला विसरली होती.

पहिले तीन महिने डॉक्टरांनी डागांचं काहीच केलं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण ते तीन महिने फार अवघड होते. स्टिरॉइड उतरवायचं, साधं मॉइश्चरायझर, सौम्य फेसवॉश, सनस्क्रीन. बस. चेहरा लाल, खाली डाग आधीपेक्षा गडद, आणि मी रोज सकाळी स्वतःला सांगायचे की आज ट्यूब नाही. नवरा एकदा म्हणाला, "दिसतंय कुठे एवढं," आणि मी त्याच्यावर इतकी चिडले की नंतर मलाच वाईट वाटलं. त्याला दिसत नव्हते हे खरंच होतं बहुतेक.

सनस्क्रीनबद्दल मात्र मी आता कोणाशीही अर्धा तास बोलू शकते. मला वाटायचं मी घरात असते, मला काय गरज. तर उन्हातली जी किरणं त्वचा भाजतात ती काचेने बरीच अडतात, पण यूव्हीए नावाची जी आत खोल जातात ती साध्या काचेतून सरळ येतात. माझं टेबल खिडकीशी, डावा गाल खिडकीकडे, आणि डाव्या गालावरचाच डाग मोठा. त्याहून नवी गोष्ट म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा, त्यातला निळा-जांभळा भाग, सावळ्या त्वचेत रंग गडद करतो. मेलॅनोसाइटमध्ये ऑप्सिन नावाचं प्रोटीन सापडलंय, डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणारी जी प्रोटीनं असतात त्यांच्याच कुळातलं, म्हणजे एका अर्थाने त्वचा निळा प्रकाश बघते. साधं पांढरं सनस्क्रीन या प्रकाशाला अडवत नाही, त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. मोबाइलच्या प्रकाशाची भीती घालतात हल्ली, पण तो उन्हाच्या तुलनेत फारच क्षीण असतो, खरी काळजी खिडकीची आणि बाहेरची करायची. आणि किती लावायचं? बाटलीवरचा एसपीएफचा आकडा, म्हणजे ते उन्हाने भाजण्यापासून किती वाचवतं त्याचं माप, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेला असतो. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतो. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं. बाहेर असलो तर दर दोन तासांनी परत. शिवाय टोपी, स्कार्फ, सावली. हे सगळं औषधाच्या आधी येतं, कारण याच्याशिवाय औषध म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

औषधं मग चौथ्या महिन्यात सुरू झाली. आधी ॲझेलिक ॲसिड, जे गरोदर बायकांनाही चालतं असं मानतात आणि जे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नंतर हायड्रोक्विनोन. याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे पडलेले आढळले, बरोबर हातमोजे येतात तेवढ्याच भागावर. रबर टिकावं म्हणून त्या मोज्यांत हायड्रोक्विनोनच्या कुळातलं एक रसायन घातलेलं होतं. त्या कामगारांच्या हातांचा रंग गेला तेव्हा जगाला कळलं की अशा रसायनाने रंग पुसता येतो. त्यांचं पुढे काय झालं मला कुठे वाचायला मिळालं नाही, पण दर रात्री ते क्रीम लावताना मला त्यांचे हात आठवायचे. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध) आणि एक स्टिरॉइड अशी तिघांची जोड मांडली, आणि आजही थोड्या बदललेल्या प्रमाणात तीच जोड वांगावरचं सगळ्यात परिणामकारक लावायचं औषध मानतात. हो, त्यात स्टिरॉइड आहेच. माझ्या ट्यूबमध्ये जवळपास हेच कुटुंब होतं! फरक एवढाच की डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी देतात आणि मग काढून घेतात. काढून घेणं हेच त्या प्रिस्क्रिप्शनमधलं खरं औषध, असं मला आता वाटतं. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर उलट निळा-काळा रंग त्वचेत बसतो आणि तो मग जाता जात नाही. मला स्टिरॉइडशिवायचं दिलं, माझा इतिहास बघून, तेही १२ आठवडे. गरोदरपणात आणि मूल हवं असताना हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन यातलं काही लावायचं नसतं, हे विचारायला लाजू नका.

आणि ट्रानेक्सॅमिक ॲसिड. हे मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलं, बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात ते थांबावं म्हणून. उताकोबाई आपल्या लहान मुलीला पाठीला बांधून लॅबमध्ये काम करायच्या. बाळंतिणींवर याचा खरंच उपयोग होतो का याची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, जवळपास २०,००० बायका त्यात होत्या, तिचे निकाल २०१७ मध्ये आले, जीव वाचतात असे. उताकोबाई २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी गेल्या. निकाल त्यांना बघायला मिळाला नाही. हे वाचून मी रडले, कारण नसताना. वांगावरचा उपयोग योगायोगाने कळला, १९७९ मध्ये जपानमध्येच, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात त्यासाठी हे औषध चालू असलेल्या रुग्णाचे चेहऱ्यावरचे डागही फिके झाले. रक्तस्रावाला देतात त्याच्या मानाने बराच कमी डोस लागतो. पण गोळी आहे, रक्त गोठण्याचा धोका ज्यांना आहे, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, घरात कोणाला पायात गुठळी झालीय, त्यांना बहुतेक देत नाहीत, म्हणून मैत्रिणीची गोळी आपण घ्यायची नाही. मला तीन महिने दिली. आईपणात आलेल्या डागांवर, आयांसाठी शोधलेलं औषध, मुलीला पाठीला बांधून काम करणाऱ्या बाईने शोधलेलं. मला त्या गोळीबद्दल जरा जास्तच माया आहे.

पीलिंग, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा अगदी वरचा पापुद्रा काढणं, दोनदा केलं, सौम्य. लेझर डॉक्टरांनीच नको म्हटलं, उष्णतेने सावळ्या त्वचेत डाग उलटून येण्याची भीती असते, काहींना फरक पडतो पण पहिला उपाय तो नव्हे.

त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो, म्हणून औषधाला निदान आठ-बारा आठवडे द्यावे लागतात. पण दिवस जात असताना रोज बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. दिसायचं ते फोटोत. डॉक्टर दर तीन महिन्यांनी फोटो काढायच्या, त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, केस मागे बांधून, काहीही न लावता. पहिल्या वेळी मला नको झालं होतं. पाचव्या वेळी मी स्वतःच क्लिप काढून केस मागे बांधले. आता ते फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत, ओळीने. कपाळावरचा पट्टा जवळजवळ गेलाय. ओठावरची सावली गेली, मागच्या उन्हाळ्यात परत आली, परत फिकी झाली. डावा गाल अजून आहे, निम्म्याहून कमी, पण आहे. तो राहील असं डॉक्टर म्हणतात. सनस्क्रीन सुटलं की वाढेल.

आईला विचारायचं राहिलंच सांगायचं. त्याच रात्री फोन केला होता, डॉक्टरकडून आल्यावर.

"होते की," ती म्हणाली, जणू मी तिला चष्म्याचा नंबर विचारलाय. "तू पोटात होतीस तेव्हा आले. चांगले दहा वर्षं होते. मग कधीतरी गेले."

"फोटोत कुठेच दिसत नाहीत ते."

"अगं, फोटोवाले काढून टाकायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे बारीक. मी सांगायचे नाही काही, ते आपणहूनच करायचे."

मी फोन हातात धरून बसले. डॉक्टरना मी खोटं सांगून आले होते, पूर्ण खात्रीने, पुराव्यासकट. आईचा खरा चेहरा मी लहानपणी रोज बघत होते आणि मला आठवत होता तो फोटोतला. मला वारशाने काय मिळू शकतं हे कोणीतरी पेन्सिलीने पुसून ठेवलं होतं, चांगल्या मनाने.

गेल्या महिन्यात आई राहायला आली तेव्हा तिने पर्समधून एक फोटो काढला. घरचाच, कोणाच्या तरी साध्या कॅमेऱ्यातला, अंगणात उन्हात काढलेला, त्यामुळे त्यावर कोणी हात फिरवलेला नव्हता. आई सत्तावीस-अठ्ठावीसची, कडेवर मी, डोळे उन्हाने बारीक केलेले, आणि दोन्ही गालांवर डाग. स्पष्ट. मी मोबाइल काढून माझा पहिला फोटो शेजारी धरला. डाव्या गालावर डागाच्या खालच्या कडेला एक खाच आहे माझ्या, छोट्या खाडीसारखी, तीच खाच तिच्या गालावर त्याच जागी.

मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये घुसून बघत होती, सात वर्षांची आहे. "आई, ही तू आहेस का?" तिने आजीच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं. नाही म्हटलं, ही आजी, आणि तिच्या कडेवर आहे ती मी.

आईने चष्मा नीट केला, फोटो बाजूला ठेवला आणि माझ्या गालावरून अंगठा फिरवला, हळूच, खालून वर.

"हाताला लागत नाहीत ना?"

"नाही."

"माझेही लागायचे नाहीत," ती म्हणाली.